अभ्यासिकेचे पाच बंद लॅपटॉप: दुरुस्तीच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

पुण्यातल्या एका अभ्यासिकेचे पाच लॅपटॉप कामाला घेतले. सगळे २०१८ ते २०२० मधले. पाचही अनुक्रमांक त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी तपासली. सगळ्यांची संपलेली आहे. ही तपासणी सगळ्यात आधी करायची. संस्थेने घेतलेल्या यंत्रांवर कधी कधी वाढीव वॉरंटी असते आणि खरेदी करणारा माणूस बदलला की ती कोणाच्याच लक्षात राहत नाही.

दिवाळीआधी हे पाचही एका दुकानात दाखवून झाले होते. दुकानाने तोंडी सांगितलेलं असं:

यंत्र १, पूर्ण बंद: «बोर्ड गेला, बदलावा लागेल», ११,५०० रुपये.
यंत्र २, फार संथ: «रॅम वाढवू, नवीन विंडोज टाकू», ४,५०० रुपये.
यंत्र ३, बिजागरी तुटली, टचपॅड दाबला जात नाही: «पूर्ण बॉडी आणि टचपॅड», ५,५०० रुपये.
यंत्र ४, पडदा लुकलुकतो: «स्क्रीन बदला», ५,८०० रुपये.
यंत्र ५, चहा सांडलेला: «केमिकल वॉश आणि चिप रिबॉल», ४,५०० रुपये, एक महिन्याची वॉरंटी.

एकूण ३१,८०० रुपये. पाचपैकी एकाही ओळीत बिघाड काय आहे ते नाही, फक्त काय बदलायचं ते आहे. या कामात हेच उलटं करायचं ठरलं. प्रत्येक यंत्राचा बिघाड आधी मोजून कागदावर यायला हवा, भावाचं बोलणं त्यानंतर.

४ नोव्हेंबर

सुटं साहित्य: डिजिटल मल्टिमीटर, पीएच०, पीएच०० आणि टी५ टोकाचे स्क्रू ड्रायव्हर, गिटारच्या दोन पिका (पॅनेल उघडायला स्क्रू ड्रायव्हरपेक्षा सुरक्षित, खुणा पडत नाहीत), ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, आणि प्रत्येक यंत्रासाठी एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर खालच्या पॅनेलची आकृती काढून जो स्क्रू जिथून निघाला तिथेच टोचून ठेवायचा. लांबी वेगवेगळी असते; ३ मिमीच्या जागी ६ मिमीचा स्क्रू आवळला तर तो आतून बोर्डाला किंवा टचपॅडला भोसकतो. दुरुस्तीनंतर उद्भवणारे बरेच बिघाड एवढ्याच कारणाचे असतात.

ओळखनोंद केली. प्रत्येक यंत्राची खालची बाजू, आतला पूर्ण बोर्ड, रॅमवरचं लेबल, एसएसडी किंवा हार्ड डिस्कचा अनुक्रमांक, बॅटरीचा पार्ट नंबर, पडद्यामागचा क्रमांक यांचे फोटो काढले. दुकानात ८ जीबीची पट्टी देऊन ४ जीबीची परत आली तर दाखवायला पुरावा लागतो, आणि तो यंत्र हातातून सोडण्याआधीच तयार करावा लागतो. दोन स्क्रूंच्या डोक्यांवर नेलपॉलिशचा ठिपका दिला, म्हणजे कोणी उघडलं की कळतं.

डिस्क काढून घेतल्या. बंद लॅपटॉप, लुकलुकणारा पडदा, तुटलेली बिजागरी यांपैकी कशाच्याही तपासणीला ग्राहकाची डिस्क लागत नाही. पासवर्ड सांगायचा प्रश्नही त्यामुळे उरत नाही. ज्या यंत्रांत बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू होतं त्यांची ४८ अंकी रिकव्हरी की आधी उतरवून घेतली. बोर्ड बदलला किंवा बायोस (बोर्डावरचं, यंत्र सुरू करून देणारं सॉफ्टवेअर) पूर्ववत केला की यंत्र ती किल्ली मागतं, आणि ती नसेल तर दुरुस्त झालेल्या लॅपटॉपमधला डेटा कुलूपबंदच राहतो.

यंत्र १ आणि ५ वर पहिल्या तासाच्या फुकट चाचण्या: बॅटरीची तार बोर्डावरून सोडवली, अडॅप्टर काढला, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरलं, मग फक्त अडॅप्टर जोडून पाहिलं. रॅम काढून, सोनेरी पाय अल्कोहोलने पुसून, एकेक पट्टी एकेका खाचेत बसवून पाहिली. दोन्ही यंत्रं तशीच मृत. तरीही या अर्ध्या तासाची पायरी गाळू नये. निव्वळ रॅमची पट्टी पुसून चालू होणारे लॅपटॉप काही कमी नसतात, आणि त्याचं बिल «बोर्ड रिपेअर» म्हणून बनू शकतं.

६ नोव्हेंबर – यंत्र २

आय३-७०२०यू, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. सुरू व्हायला सात मिनिटं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, प्रोसेसर ८ टक्के. म्हणजे प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट पाहतोय.

डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून पाहिलं: ०५ या ओळीत (बदललेले सेक्टर) ९६, सी५ या ओळीत (वाचता न येणारे, निकाल प्रलंबित) १८४. हे सॉफ्टवेअर मूळ आकडे मुळात षोडशमान (सोळाच्या पायाच्या) पद्धतीत दाखवतं, त्यामुळे आधी सेटिंगमध्ये दशमान करून घ्यायचं. नाहीतर १८४ च्या जागी बी८ दिसतं आणि वाचणारा गोंधळतो. सी५ शून्याहून जास्त असेल तर त्या डिस्कवर विंडोज नव्याने टाकणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणं. दुकानाच्या ४,५०० रुपयांत डिस्क धरलेलीच नव्हती.

आधी डेटा. अशा डिस्कवरून फाइली ओढून टाकत बसू नये, एका वाईट सेक्टरवर डिस्कचं वाचणारं डोकं तासभर अडकतं. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू (बिघडलेल्या डिस्कची नक्कल उतरवणारा प्रोग्रॅम) चालवला. पहिल्या फेरीत वाईट भाग ओरबाडायचे नाहीत हा पर्याय लावून चांगला भाग आधी उतरवून घेतला, नंतर दुसऱ्या फेरीत उरलेलं. काही मोजके सेक्टर गेले, ते कोणत्याही दस्तऐवजात नव्हते.

२४० जीबीची २.५ इंची साटा एसएसडी, १,६५० रुपये. जुनी डिस्क ७ मिमी जाडीची होती, त्यामुळे तीच चौकट, तेच चार स्क्रू. विकत घेण्याआधी यंत्र उघडून पाहणं आवश्यक, कारण एम.२ ची (पट्टीसारख्या एसएसडीची) खाच असली तरी ती साटाची की एनव्हीएमईची (एसएसडी जोडण्याच्या दोन वेगळ्या पद्धती) हे बाहेरून कळत नाही, आणि दोन्ही प्रकारच्या पट्ट्या दिसायला सारख्या.

खर्च किती करायचा याचा विचार इथे वेगळा होता. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सातव्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. म्हणून या यंत्रात जे घालायचं ते उद्या काढून दुसरीकडे लावता येईल असंच: एसएसडी चालेल, नवा बोर्ड किंवा पडदा नाही. लिनक्स मिंट टाकलं. सुरू व्हायला आता २५ सेकंदांच्या आत.

८ नोव्हेंबर – यंत्र १, मोजमाप

आय५-८२५०यू, ८ जीबी. हा चालू झाला तर पाचांतला सगळ्यात कामाचा, म्हणून सगळ्यात जास्त वेळ यालाच.

अडॅप्टर मोकळा १९.४ व्होल्ट दाखवतो. मोकळा आकडा पुरेसा नसतो. खराब अडॅप्टरही मोकळा असताना १९ दाखवतो आणि भार आला की कोसळतो. तसाच पिन आणि तेवढाच ६५ वॅटचा यंत्र ५ चा अडॅप्टर लावून पाहिला, फरक नाही. म्हणजे अडॅप्टर संशयातून सुटला.

बॅटरी सोडवून, अडॅप्टर लावून बोर्डावर मोजलं. जॅकपाशी १९.४. जॅकनंतर दोन मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लागोपाठ असतात, चार्जिंग आयसी त्यांना उघडते आणि पलीकडे मुख्य रेल, म्हणजे बोर्डाला वीज पुरवणारी वाट, सुरू होते. पहिल्या मॉसफेटच्या अलीकडे १९.४, दुसऱ्याच्या पलीकडे शून्य.

इथेच चुकीचं निदान होतं. पलीकडे शून्य म्हणजे मॉसफेट किंवा चार्जिंग आयसी खराब, असा निष्कर्ष काढून आयसी बदलली जाते. पण पलीकडे शॉर्ट असेल, म्हणजे रेल थेट ग्राउंडला (बोर्डाच्या ऋण बाजूला) टेकलेली असेल, तर चांगली आयसीसुद्धा रेल चालू करत नाही, केली तरी लगेच बंद करते. म्हणून व्होल्टनंतर लगेच ओहम मोजायचे. अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढून मुख्य रेल ते ग्राउंड: मीटरवर ०.७ ओहम. दोन्ही तारा एकमेकींना टेकवून मीटर स्वतः ०.३ दाखवतो, तो वजा. उरला ०.४ ओहम. चांगल्या बोर्डावर इथे किलोओहममध्ये आकडा येतो. शॉर्ट पक्का.

एक खबरदारी लिहून ठेवतो: प्रोसेसरच्या रेलवर, म्हणजे प्रोसेसरजवळच्या करड्या कॉइलवर, काही ओहम किंवा त्याहूनही कमी येणं नैसर्गिक असतं. तिथे मीटरचा बीप वाजवून दाखवून «बघा, प्रोसेसर शॉर्ट» म्हणता येतं. बीप मोड साधारण ३० ते ५० ओहमच्या खाली वाजतोच. त्यामुळे ऐकायचं नाही, आकडा बघायचा, आणि तो कोणत्या कॉइलवरचा ते विचारायचं.

११ नोव्हेंबर – यंत्र १, भाव

डिस्क आणि रॅम काढलेला लॅपटॉप घेऊन तीन ठिकाणी विचारणा केली. तिन्हीकडे तेच वाक्य: «पॉवर येत नाही, आधी चेकिंग करून बिघाड लेखी सांगा, मग काम करायचं की नाही ते ठरवू.» मोजमाप आधी सांगितलं नाही.

पहिल्या दुकानाने यंत्र न उघडता बोर्ड सांगितला. दुसऱ्याने उघडून, जॅकला मीटर लावून चार्जिंग आयसी सांगितली, २,८०० रुपये. «मुख्य रेलचा रेझिस्टन्स किती आला?» या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. तिसरीकडे, बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरातल्या एका बोर्ड-लेव्हल टेबलवर, कारागिराने बॅटरी सोडवून पहिल्यांदा ओहम मोजले आणि स्वतःहून सांगितलं, प्रायमरीला (म्हणजे मुख्य रेलला) शॉर्ट आहे, कुठे आहे ते शोधावं लागेल. चेकिंग ३०० रुपये, काम केलं तर त्यात धरणार. काम १,८०० च्या आत, नाही झालं तर फक्त ३००. जॉब शीटवर हे सगळं लिहून दिलं.

दुकान ओळखायला पाटी किंवा गर्दीपेक्षा टेबलावर काय आहे ते बघावं. डीसी पॉवर सप्लाय, सूक्ष्मदर्शक, हॉट एअर आणि बोर्डाचा स्किमॅटिक (सर्किटचा नकाशा) उघडणारा संगणक या चार गोष्टी नसतील तर ते दुकान बोर्ड दुरुस्त करत नाही, पुढे पाठवतं. पाठवण्यात वाईट काही नाही. पण मग मधल्याचा वाटा भावात असतो, आणि वॉरंटी कोणाची हे धूसर होतं.

१३ नोव्हेंबर – यंत्र १, काम

टेबलवर समोर बसून झालेलं काम, क्रमाने.

पॉवर सप्लाय १ व्होल्टला ठेवला, करंटची मर्यादा ३ अँपिअर. निगेटिव्ह बोर्डाच्या स्क्रूच्या छिद्राला, पॉझिटिव्ह मुख्य रेलच्या कॉइलला. सप्लायवर २.३ अँपिअर. रेलचा नेहमीचा व्होल्टेज १९ असला तरी सुरुवात १ व्होल्टपासूनच करायची, कारण शॉर्ट वेगळ्याच जागी, एखाद्या मॉसफेटमधून प्रोसेसरच्या बाजूला उतरत असेल, तर १९ व्होल्ट थेट प्रोसेसरवर जातील.

मग बोर्डावर अल्कोहोलचा पातळ थर. ज्या भागातून करंट वाहतो तो तापतो आणि तिथला थर आधी उडतो. पाच-सहा सेकंदांत खालच्या डाव्या कोपऱ्यात, स्क्रूच्या छिद्राशेजारी, एका सिरॅमिक कॅपॅसिटरभोवती कोरडं वर्तुळ उमटलं. थर्मल कॅमेऱ्याने तोच बिंदू दाखवला. हॉट एअरने तो उचलला, रेलवर ४० किलोओहमच्या वर आकडा आला.

कॅपॅसिटर १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, ०८०५ आकाराचा, म्हणजे २ गुणिले १.२५ मिमी. स्क्रूजवळचे सिरॅमिक कॅपॅसिटर असेच जातात. बोर्डाला पीळ बसला की आत केसासारखी चीर पडते, थर एकमेकांना टेकतात आणि शॉर्ट होतो. या यंत्राच्या त्या कोपऱ्यातला स्क्रू नव्हताच, कोपरा सैल हलत होता. नवा स्क्रू टाकला.

याच रेलवर असे सहा-सात कॅपॅसिटर समांतर असतात, त्यामुळे एक काढून टाकला तरी लॅपटॉप चालतो आणि काही जण तिथेच थांबतात. नवा बसवायला सांगितलं, आणि २५ व्होल्टचाच. १६ व्होल्टचा १९ व्होल्टच्या रेलवर टिकणार नाही.

सप्लाय १९ व्होल्ट, मर्यादा ३ अँपिअर. स्टँडबायला, म्हणजे बटण दाबण्याआधी, ०.०२ अँपिअर. बटण दाबल्यावर ०.३, मग ०.९ पर्यंत चढउतार, पडदा उजळला. करंटचा आकडा असा नाचायला लागला की प्रोसेसर काम करतोय हे पडदा उजळण्याआधीच कळतं.

बिल १,८०० अधिक १८ टक्के जीएसटी ३२४, एकूण २,१२४ रुपये. बिलावर लिहून घेतलं: «प्रायमरी रेलवर शॉर्ट, सिरॅमिक कॅपॅसिटर १ नग बदलला, वॉरंटी ३० दिवस.» काढलेला कॅपॅसिटर कागदात चिकटवून परत घेतला.

पाच-सात रुपयांच्या कॅपॅसिटरला १,८०० रुपये, ही लूट नव्हे, आणि इथे घासाघीस केली नाही. पैसे शोधण्याचे आहेत, टेबलावरच्या उपकरणांचे आहेत, प्रोसेसर न जाळता तो तुकडा उचलणाऱ्या हाताचे आहेत. लूट ती, जिथे हाच कॅपॅसिटर ११,५०० च्या «बोर्ड»मागे लपतो. बोर्ड बदलला असता तर तो बहुधा दुसऱ्या यंत्रातून काढलेला असता, विंडोजचा डिजिटल परवाना जुन्या बोर्डाबरोबर गेला असता, आणि जुना बोर्ड मागितला नाही तर दुकानातच राहिला असता. बोर्ड खरोखर बदलावाच लागला तर जुना परत मागायचा, आणि हे भाव ठरवतानाच सांगायचं.

१५ नोव्हेंबर – यंत्र ४

तीन चाचण्या, शून्य खर्च. एचडीएमआयवर बाहेरचा मॉनिटर: तिकडे चित्र स्थिर, म्हणजे ग्राफिक्स सुटलं. बायोसच्या पडद्यातही लुकलुकतं, म्हणजे ड्रायव्हर सुटला. झाकण हळूहळू हलवलं: साधारण ९० अंशांच्या पुढे नेलं की पडदा जातो, मागे आणलं की येतो. पडदा खराब असता तर झाकणाच्या कोनाशी त्याचा संबंध नसता. काळ्या पडद्यावर तिरका टॉर्च मारला तर अंधुक चित्रही दिसत नाही, म्हणजे फक्त बॅकलाइट नव्हे, पूर्ण सिग्नल तुटतोय. संशय बिजागरीतून जाणाऱ्या डिस्प्ले केबलवर. उघडली, डाव्या बिजागरीपाशी वेष्टण सोलून दोन तारा उघड्या.

दिवाळीआधीच्या दुकानातून यंत्र परत आणताना «ओपनिंग चार्ज» म्हणून ६०० रुपये मागितले गेले होते. पावतीवर अशा आकारणीचा उल्लेख नव्हता. ६०० रुपयांचं जीएसटी क्रमांकासह बिल मागितल्यावर ३०० वर मिटलं. तेही टळलं असतं, यंत्र देतानाच चेकिंगचा आकडा लिहून घेतला असता तर.

१८ नोव्हेंबर – यंत्र ३

टचपॅड दाबला जात नाही हे बिजागरीपेक्षा गंभीर निघालं. खालचं पॅनेल काढल्यावर बॅटरीचे तीनपैकी दोन सेल उशीसारखे फुगलेले. टचपॅडच्या खाली जागाच उरलेली नव्हती. टचपॅड ठणठणीत आहे. तो बदलला असता तर नवाही चार दिवसांत तसाच झाला असता, आणि फुगलेली बॅटरी आतच राहिली असती. टचपॅड अडकला, तळवा टेकायची जागा वर आली किंवा लॅपटॉप टेबलावर डुलायला लागला, तर चार्जिंग ताबडतोब बंद करून आधी बॅटरी बघावी.

काढताना: यंत्र बंद, चार्ज २० टक्क्यांच्या आसपास उतरवलेला. आधी कनेक्टर सुटा, मग स्क्रू. धातूचं काही खाली घालून उचकटायचं नाही, दाबून सपाट करायची नाही. वाळूच्या डब्यात ठेवली, घराबाहेरच्या बाजूला.

पॉवरसीएफजी या विंडोजमधल्या आज्ञेने बॅटरी रिपोर्ट आधीच काढला होता: मूळ क्षमता ४१,०४० मिलिवॅट-अवर, सध्याची पूर्ण क्षमता १७,६००.

नवी बॅटरी, ११.४ व्होल्ट, ४१ वॅट-अवर, कंपॅटिबल, २,१०० रुपये. पार्ट नंबर अक्षर न् अक्षर जुळवला. ११.४ आणि ११.१ व्होल्टच्या पॅकमधले सेल वेगळे असतात, चार्जची वरची मर्यादा वेगळी असते. «चालतं हो» यावर विश्वास ठेवू नये. घरी आल्यावर रिपोर्टमध्ये सायकल काउंट ०. पण रिपोर्ट पॅकमधली चिप सांगेल तेच छापतो, म्हणून प्रत्यक्ष चाचणी घेतली: सरासरी ८ वॅटचा वापर ठेवून ४ तास २० मिनिटं चालला, म्हणजे सुमारे ३५ वॅट-अवर. शेवटचे काही टक्के विंडोज वापरू देत नाही हे धरलं तर तूट मामुली. ठेवून घेतली.

बिजागरी. पॅनेलची नावं दुकानात ए, बी, सी, डी अशी: ए म्हणजे झाकणाची पाठ, बी पडद्याची चौकट, सी कीबोर्डचं, डी तळाचं. तुटलंय फक्त सी, तेही उजव्या कोपऱ्यात, जिथे स्क्रूसाठी प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळी बोळ्या असतात. तीनपैकी दोन उपटून आल्या आहेत. मूळ कारण बिजागरीचा ताठपणा. वंगण सुकून बिजागरी घट्ट झाली की झाकण उघडण्याचा सगळा जोर त्या बोळ्यांवर येतो. बिजागरीच्या टोकाची नट पाव फेरा सैल केली. हे न करता चारही पॅनेलं नवी घातली तरी तीच जागा पुन्हा तुटते.

बोळ्या पाच मिनिटांत सुकणाऱ्या इपॉक्सीने बसवल्या.

२० नोव्हेंबर – यंत्र ४

केबल आली, ७५० रुपये, चुकीची. पडद्याच्या बाजूचा कनेक्टर ४० पिनांचा, आपल्याला ३० चा हवा. याच मॉडेलच्या टच पडद्याच्या आवृत्तीत ४० असतात. मॉडेलच्या नावावरून मागवल्यामुळे ही चूक झाली. जुन्या केबलवरच्या पांढऱ्या लेबलचा क्रमांक, जो पुष्कळदा डीसी०२ ने सुरू होतो, तो वाचून दाखवायला हवा होता. न वापरलेली असल्याने दुकानाने बदलून दिली.

२२ नोव्हेंबर – यंत्र ३ आणि ४

यंत्र ३: चिकटवलेली एक बोळी पुन्हा सुटली. इपॉक्सी प्लॅस्टिकवरून पापुद्र्यासारखा निघाला. तीन चुका: प्लॅस्टिक खरवडलं नव्हतं, तळाशी जुनं वंगण होतं, आणि लवकर सुकणारा इपॉक्सी ठिसूळ असतो, त्यातून ही जागा गरम हवेच्या झरोक्याशेजारी.

दुसरा प्रयत्न: १२० नंबरच्या पॉलिश पेपरने जागा खरवडली, अल्कोहोलने दोनदा पुसली, आजूबाजूच्या प्लॅस्टिकच्या बरगड्यांना १ मिमीची चार छिद्रं पाडली म्हणजे इपॉक्सी आरपार जाऊन पकड धरेल. २४ तासांत सुकणारा इपॉक्सी, दोन्ही नळ्यांतून समान. बोळीत स्क्रू घालून, त्याच्या आट्यांना ग्रीसचा हात लावून ठेवला, नाहीतर स्क्रू कायमचा चिकटतो. बिजागरी जागेवर ठेवूनच सुकू दिलं, म्हणजे छिद्रांचं अंतर हलत नाही. साहित्याचा एकूण खर्च २१० रुपये.

यंत्र ४: योग्य केबल बसवली. त्याआधी बॅटरी सोडवली आणि पॉवर बटण दाबून उरलेला चार्ज काढला. या कनेक्टरमध्ये बॅकलाइटचा मोठा व्होल्टेज आणि सिग्नलच्या बारीक पिना शेजारी शेजारी असतात. बॅटरी जोडलेली असताना केबल तिरकी गेली तर बॅकलाइटचा फ्यूज उडतो, नशीब वाईट असेल तर तो व्होल्टेज सिग्नलच्या तारेतून प्रोसेसरपर्यंत जातो. ७५० रुपयांच्या कामाचं बोर्डाचं काम होतं ते इथे.

झाकण दोनशे वेळा उघडझाप, पडदा स्थिर. ५,८०० चा पडदा लागला नाही. खरोखर लागला असता तर इंच, रिझोल्युशन, पिना ३० की ४०, आणि स्क्रूचे कान आहेत की नाहीत या चार गोष्टी जुळवून, शिवाय जुना आयपीएस (बाजूनेही रंग नीट दिसणारा प्रकार) असेल तर नवाही आयपीएसच असं बिलावर लिहून घ्यावं लागलं असतं. बाजूने पाहिलं की रंग उलटे दिसणारा स्वस्त टीएन पडदा आयपीएसच्या भावात बसतो, आणि समोर बसून पाहणाऱ्याच्या ते पटकन लक्षात येत नाही.

२५ नोव्हेंबर – यंत्र ५

हा दुरुस्त करायचा नाही, असं ठरलं. कारणं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त पैसे अशाच यंत्रांत बुडतात.

चहा सांडल्यावर बॅटरी तीन आठवडे जोडलेलीच राहिली. यंत्र बंद असलं तरी बोर्डावर ३ आणि ५ व्होल्टच्या रेल जिवंत असतात. साखर-दुधाचा ओलावा आणि त्यात सतत व्होल्टेज, म्हणजे तांबं हळूहळू विरघळत राहतं. कीबोर्डच्या कनेक्टरभोवती हिरवट-पांढरा गंज, तीन पिना खाऊन गेलेल्या, आणि प्रोसेसरच्या कडेखाली तोच रंग. प्रोसेसरखाली शेकडो गोळ्यांची सोल्डरिंग असते, तिथे ब्रश पोचत नाही. अल्ट्रासॉनिक धुण्याने मळ निघतो, विरघळलेलं तांबं परत येत नाही.

«रिबॉल»बद्दल. चिप काढून सगळ्या गोळ्या नव्या बसवणं हे खरं रिबॉल, त्याला स्टेन्सिल, तापमान नियंत्रित मशीन आणि काही तास लागतात. त्या नावाखाली पुष्कळदा फक्त हीट मारली जाते. गरम केल्यावर यंत्र काही दिवस किंवा आठवडे चालतं, कारण चिपच्या आतले सुटलेले जोड तात्पुरते टेकतात. मग पुन्हा बंद. एक महिन्याची वॉरंटी त्या मुदतीला बेताची पुरते. ४,५०० रुपये देऊन एक महिना, आणि असंच चालू यंत्र वापरलेल्या बाजारात सात हजारांच्या आसपास. आम्ही पाळतो ती मर्यादा अशी: चालू स्थितीतल्या तशाच यंत्राच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत खर्च, आणि ओलावा लागलेल्या बोर्डावर त्याहूनही कमी.

बॅटरी त्या दिवशीच सोडवली असती, बोर्ड काढून अल्कोहोलने धुतला असता, तर हा वाचण्याची शक्यता बरीच होती. काही सांडलं तर उलटा करून वाळवत ठेवण्याआधी बॅटरी सोडवायची. तांदळाच्या डब्यात घालून काही होत नाही.

काढून ठेवलं: ४ जीबी डीडीआर४ रॅम, २५६ जीबी एसएसडी, फुल एचडी पडदा, अडॅप्टर. रॅम २४०० वेगाची, यंत्र २ ती २१३३ वेगाने चालवतं. रिकाम्या खाचेत बसवली, तिथे आता ८ जीबी. पडद्यामागचा क्रमांक पडद्यावरच चिठ्ठी लावून लिहिला.

२९ नोव्हेंबर – हिशेब

यंत्र १: २,१२४. यंत्र २: १,६५०. यंत्र ३: बॅटरीसह २,३१०. यंत्र ४: केबल ७५० आणि चेकिंगचे ३००. यंत्र ५: काही नाही. एकूण ७,१३४ रुपये. यात आमची मजुरी नाही. यंत्र २, ३ आणि ४ चं काम दुकानात दिलं असतं तर योग्य मजुरी धरून साधारण दीड-दोन हजार वाढले असते.

बिलांबाबत दोन गोष्टी नोंदवून ठेवायच्या. एसएसडी घेताना एका दुकानाने «बिल हवं तर १८ टक्के वेगळे» म्हणून सांगितलं, पण दिलेल्या कागदावर जीएसटी क्रमांक नव्हता. नोंदणी नसलेल्याला जीएसटी गोळा करता येत नाही. क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून मिनिटभरात पडताळता येतो. तिथून घेतली नाही.

दुसरं, लेखी कबूल केलेल्यापेक्षा जास्त मागणी, पार्ट बदलल्याचा खोटा दावा किंवा यंत्र अडवून ठेवणं असं झालं तर आधी लेखी मागणी करायची, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, पण सेवा व्यापारी कामासाठी घेतलेली नसावी. या तिन्ही ठिकाणी जॉब शीट आणि बिलावरचं बिघाडाचं वाक्य हाच आधार असतो.

१३ डिसेंबर

यंत्र १ ची ३० दिवसांची वॉरंटी आज संपते, म्हणून काल पूर्ण चाचणी घेतली: तासभर प्रोसेसरवर पूर्ण भार, दोनदा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज, कोपरा हाताने हलक्याने दाबून. बंद पडला नाही. मुख्य रेल ते ग्राउंड पुन्हा ४० किलोओहमच्या वर.

यंत्र ३ ची बिजागरी घट्ट आहे, इपॉक्सीला चीर नाही. नट अजून थोडी सैल करायला वाव आहे, झाकण एका हाताने उघडत नाही.

यंत्र २ च्या बायोसचं घड्याळ मागे पडतंय. सीआर२०३२ सेल मोजला, २.६ व्होल्ट. बदलायचा आहे, ३०-४० रुपये.

फुगलेली बॅटरी आणि यंत्र ५ चा बोर्ड अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यायचे राहिलेत. बॅटरी अजून वाळूतच.